तीन वर्षांसाठी चपळ गाडी: खरेदी की लीज?

माझी पहिली लीजवरची, म्हणजे ठरावीक मुदतीच्या कराराने भाड्याने घेतलेली, गाडी गेल्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी परत गेली आणि तिच्या जागी काय आणायचे, हा प्रश्न आमच्या घरात दोन महिने चालला. ती पहिली गाडी म्हणजे ऑटोमॅटिक गिअरची एक उंच, प्रशस्त एसयूव्ही होती. २०२२ मध्ये ऑफिसातले सगळे तशाच गाड्या घेत होते म्हणून मीही घेतली. गाडीत खोट अशी काही नव्हती, पण मनीषनगरहून बुटीबोरीला जाताना आणि येताना तीन वर्षांत एकदाही मला ती चालवण्याचा आनंद झाला नाही. रोजचे पन्नास किलोमीटर म्हणजे आयुष्यातला दीड तास, आणि तो दीड तास नुसता उरकायचा नाही, हे या वेळी मी ठरवून टाकले होते.

म्हणून या वेळी गाडी चपळ हवी होती. मात्र ती रोज न कुरकुरता बुटीबोरीला गेली पाहिजे, आईला डॉक्टरांकडे नेता आले पाहिजे आणि माझ्या पगारात बसली पाहिजे, या अटी होत्याच. मे २०२५ मध्ये आपल्याकडे आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयची शोरूम किंमत ५३ लाख होती. तिच्याबद्दल वाचायला मला फार आवडते, पण हा लेख तिच्याबद्दल नाही.

भारतात परवडणारी चपळ गाडी अमुकच आकाराची आणि अमुकच इंजिनाची का असते, याचे उत्तर करांच्या नियमात आहे. २००६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात छोट्या गाड्यांचे उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आले आणि छोटी गाडी म्हणजे चार मीटरच्या आतली, पेट्रोल इंजिन असेल तर १,२०० सीसीपर्यंतची, अशी व्याख्या झाली. ती व्याख्या जीएसटीतही टिकली. २२ सप्टेंबर २०२५ पासून अशा पेट्रोल गाडीवर १८ टक्के जीएसटी आहे आणि या चौकटीबाहेरच्या पेट्रोल गाडीवर ४० टक्के. त्यामुळे आपल्याकडे ताकद वाढवायची तर इंजिन मोठे करून चालत नाही, छोट्या इंजिनाला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा, जोडावा लागतो. २०१३ ची पोलो जीटी टीएसआय १,१९७ सीसीची होती, ती याच हिशेबाने. उलट २०१५ मध्ये आलेली फियाटची अबार्थ पुंतो १४५ अश्वशक्तीची, लांबीने चार मीटरच्या आतली, पण इंजिन १.४ लिटरचे; म्हणजे आकाराने छोटी असूनही कराच्या लेखी मोठी. पोलोची विक्री २०२२ मध्ये थांबली तेव्हा मला मनापासून वाईट वाटले, कारण नागपूरच्या रस्त्यांना शोभणारी ती गाडी होती.

माझ्या यादीत शेवटी चार नावे उरली. पहिली मारुती स्विफ्ट, मे २०२४ पासूनच्या नव्या रूपातली: तीन सिलिंडरचे १.२ लिटर इंजिन, टर्बो नाही, ८२ अश्वशक्ती, पण वजन जेमतेम नऊशे किलोंच्या आसपास. दुसरी मारुती फ्रॉन्क्स, एक लिटर टर्बोची, १०० अश्वशक्तीची. तिसरी ह्युंदाई आय२० एन लाइन: ९९८ सीसी, टर्बो, १२० अश्वशक्ती, मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक आणि साध्या आय२० पेक्षा कडक सस्पेन्शन. चौथी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, दीड लिटरची, १५० अश्वशक्तीची सेडान. टाटाची २०२४ मध्ये आलेली अल्ट्रोझ रेसरही १२० अश्वशक्तीची आहे आणि मला तिचे वजनदार स्टेअरिंग आवडले होते, पण आमच्या ऑफिसला गाड्या पुरवणाऱ्या लीज कंपनीच्या यादीत ती नव्हती. लीजने जाणाऱ्याने हे आधीच समजून घ्यावे. शोरूममध्ये असलेली प्रत्येक गाडी लीजवर मिळतेच असे नाही, आणि चपळ गाड्या मुळातच कमी खपत असल्यामुळे यादीतून आधी त्याच गळतात.

टेस्ट ड्राइव्हच्या बाबतीत मी हट्टी आहे. शोरूमवाले आपल्याला त्यांच्या ठरलेल्या तीन किलोमीटरच्या गुळगुळीत फेरीवर नेतात आणि त्या फेरीत कोणतीही नवी गाडी चांगलीच वाटते. मी चारही गाड्या एकाच मार्गावर, दुपारी चारला, एसी पूर्ण लावून चालवल्या. छत्रपती चौकातून वर्धा रोडने जामठ्यापर्यंत जायचे, परत येताना सीताबर्डीच्या गर्दीत एक फेरी मारायची आणि शेवटी सेमिनरी हिल्सवर चढून फुटाळ्याकडे उतरायचे. पहिल्या भागात गाडी वेगात किती स्थिर राहते ते कळते, दुसऱ्या भागात क्लच आणि गिअर पायाला व हाताला किती त्रास देतात ते कळते. शेवटच्या वळणांवर तर गाडीचा स्वभावच कळतो. नागपूर सपाट आहे. वळणाचे, चढउताराचे रस्ते शहरात मोजकेच. त्यामुळे सेमिनरी हिल्सच्या त्या छोट्याशा उतारावर मी प्रत्येक गाडी दोनदा नेली.

बाबा प्रत्येक वेळी शेजारी बसले होते. त्यांची सगळी नोकरी एसटीच्या हिंगण्याच्या मध्यवर्ती कार्यशाळेत गेली आणि गिअरबॉक्सचा आवाज ते आजही डोळे मिटून ऐकतात. गाडीचे किती अश्वशक्तीचे इंजिन आहे हे त्यांनी एकदाही विचारले नाही. त्यांची परीक्षा एकच होती. "तिसऱ्या गिअरमध्ये तीसवर आण, अन् मग हळूच पाय दाब. कुरकुरली तर समजून जा, रोज गिअर बदलून बदलून थकशील पोरी." ही परीक्षा वरवर साधी दिसते, पण शहरातल्या चपळपणाचे सगळे मर्म तिच्यात आहे. स्विफ्टचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ११२ न्यूटन मीटर आणि तो पूर्ण मिळतो ४,३०० आरपीएमला, म्हणजे इंजिन मिनिटाला तेवढे फेरे घेते तेव्हा. एन लाइनचा टॉर्क १७२ न्यूटन मीटर आणि तो १,५०० आरपीएमपासूनच हजर असतो. कागदावर दोघींमध्ये अडतीस अश्वशक्तींचा फरक दिसतो, पण वर्धा रोडवर सिग्नल सुटल्यावर किंवा समोरच्या ऑटोला ओलांडताना जाणवतो तो या टॉर्कमधला फरक. कमाल अश्वशक्ती वापरायला इंजिन पाच-सहा हजार आरपीएमपर्यंत न्यावे लागते, आणि रोजच्या रस्त्यावर तशी वेळ किती वेळा येते?

तरीही स्विफ्टबद्दल दोन चांगले शब्द लिहिलेच पाहिजेत. हलकी गाडी वळणावर ज्या सहजतेने अंग वळवते, ती सहजता ताकदीने विकत घेता येत नाही. फुटाळ्याच्या उतारावर मला सर्वांत जास्त हसू आले ते स्विफ्टमध्ये. माझा रोजचा प्रवास शहरातल्या शहरात असता, धरमपेठ ते सदर एवढाच असता, तर मी तीच घेतली असती आणि महिन्याचे काही हजार वाचवले असते. पण बुटीबोरीच्या रस्त्यावर लांब ट्रकना ओलांडताना तिला दोन गिअर खाली आणावे लागायचे.

गिअरबॉक्सबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण चुकीची निवड इथेच सर्वाधिक महागात पडते. एन लाइन आणि व्हर्टस जीटी या दोन्ही गाड्यांत सात गिअरचा ड्युअल क्लच ऑटोमॅटिक (दोन क्लच आलटून-पालटून वापरून गिअर आपोआप बदलणारा) मिळतो आणि रिकाम्या रस्त्यावर तो अप्रतिम आहे. गिअर कधी बदलला हे कळतही नाही. मात्र या दोन्हींतले क्लच कोरडे आहेत. म्हणजे त्यांची उष्णता वाहून नेणारे तेल त्यांच्याभोवती नसते, आणि गाडी मुंगीच्या पावलाने सरकत असताना क्लच अर्धवट घसरत राहतो, तापत राहतो. मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या शहरात, कॉटन मार्केट किंवा इतवारीच्या कोंडीत रोज अर्धा तास घालवणाऱ्याने हा विचार करावा. अशा प्रवासासाठी ऑटोमॅटिकच हवी असेल तर फ्रॉन्क्समधला सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा ऑटोमॅटिक) जास्त सोशिक आहे, भले तो थोडा आळसट वाटो. मी एन लाइनमधला साधा सहा गिअरचा मॅन्युअल निवडला. २०२१ मध्ये एन लाइन आली तेव्हा तिच्यात आयएमटी, म्हणजे गिअर हाताने बदलायचा पण क्लच पेडल नसलेला गिअरबॉक्स, होता आणि तो मला कधीच पटला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या जागी खरा मॅन्युअल आला, तेव्हापासून ही गाडी माझ्या मनात होती.

नागपूरच्या उन्हाचा परिणाम टर्बो इंजिनावरही होतो, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. गरम हवा विरळ असते. टर्बो ती दाबून आणखी गरम करतो आणि इंटरकूलर तिला थंड करायचे म्हटले तरी बाहेरचीच हवा ४४-४५ अंशांची असते. अशा वेळी ठोके पडू नयेत म्हणून इंजिनाचा संगणक ठिणगी जराशी उशिरा टाकतो आणि ताकद थोडी कमी होते. जानेवारीच्या सकाळी जी गाडी उड्या मारते, तीच मेच्या दुपारी जराशी मंद वाटते. हा गाडीतला दोष नाही. पण टेस्ट ड्राइव्ह थंडीत घेणाऱ्याने एवढे लक्षात ठेवावे.

सुरक्षिततेच्या बाबतीत मला तडजोड करावी लागली. ग्लोबल एनकॅप या गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या संस्थेच्या चाचणीत व्हर्टसला २०२३ मध्ये पाच तारे मिळाले आहेत. आय२० ला २०२२ मध्ये, दोन एअरबॅगच्या रूपात, तीन. आता एन लाइनमध्ये सहा एअरबॅग आहेत, पण गाडीचा सांगाडा एअरबॅगने बदलत नाही. मी यावर बरेच दिवस अडून बसले होते. पैशांची अडचण नसती तर मी व्हर्टस घेतली असती, हे स्पष्ट लिहिलेले बरे.

पैशांचा हिशेब असा. लीजचे मासिक भाडे दोन गोष्टींचे बनते: मुदतीत गाडीची जेवढी किंमत घटेल ती रक्कम, आणि अडकलेल्या भांडवलावरचे व्याज. समजा गाडी १२ लाखांना पडली, मुदत ३६ महिन्यांची आहे आणि मुदतीअखेर तिची किंमत ६ लाख धरली आहे. घटलेले ६ लाख ३६ महिन्यांत विभागले की महिन्याला १६,६६७ रुपये होतात. सरासरी ९ लाखांवर ११ टक्के दराने व्याज धरले तर महिन्याला ८,२५० रुपये. म्हणजे मूळ भाडे जवळपास २५,००० रुपये. या भाड्यावर जीएसटी लागतो, आणि तो त्या गाडीला लागू असलेल्याच दराने लागतो. १८ टक्क्यांच्या गाडीवर २५,००० च्या भाड्याला ४,५०० रुपये कर. ४० टक्क्यांच्या गाडीवर तेवढ्याच भाड्याला १०,०००. चार मीटरची ती रेघ इथे पुन्हा आडवी येते, आणि व्हर्टस माझ्या आवाक्याबाहेर गेली ती मुख्यतः या कारणाने.

आता तीच १२ लाखांची गाडी पाच वर्षांच्या कर्जाने, साडेनऊ टक्क्यांनी घेतली तर हप्ता सुमारे २५,२०० रुपये येतो. तीन वर्षांनंतर सुमारे साडेपाच लाखांचे कर्ज बाकी असते आणि गाडी ६ लाखांना विकली तरी थोडे पैसे हातात उरतात. लीजमध्ये हातात काहीच उरत नाही. म्हणून लीज स्वस्त पडते, असे जे सर्रास सांगितले जाते, ते नुसत्या हप्त्याची तुलना करून सांगितलेले असते. स्वतःच्या खिशातून भाडे भरणाऱ्याला लीज बहुधा महागच पडते. पगारदाराचे गणित वेगळे असते. कंपनीने लीज घेऊन भाडे पगाराच्या रचनेतूनच वजा केले, तर पूर्ण भाड्यावर प्राप्तिकर न लागता नियमांनी ठरवलेल्या मर्यादित रकमेवरच तो लागतो. ही रक्कम इंजिन १.६ लिटरच्या आत आहे की वर, यावर ठरते, आणि आजच्या सगळ्या छोट्या टर्बो गाड्या या रेषेच्या आत बसतात. वरच्या कर टप्प्यात असणाऱ्याला यातून जी बचत होते, तिच्यामुळे माझ्या बाबतीत कर्ज आणि लीज जवळपास बरोबरीत आले.

आणखी एक खर्च आहे, जो भाड्यात लपलेला असतो. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर नोंदल्या जाणाऱ्या १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहनकर लागतो, तर कंपनीच्या नावावर नोंदल्या जाणाऱ्या गाडीला २० टक्के. १० लाखांवर हा फरक ९० हजारांचा आहे आणि लीज कंपनी तो आपल्याकडूनच वसूल करते. म्हणून आरसी, म्हणजे नोंदणीचे प्रमाणपत्र, कोणाच्या नावावर होणार, हा पहिला प्रश्न विचारावा. काही योजनांत गाडी ग्राहकाच्याच नावावर, पांढऱ्या पाटीवर नोंदवली जाते आणि लीज कंपनीचे नाव फक्त तारण म्हणून लागते; काहींत भाड्याच्या गाडीसारखी काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे येतात. कर वाचवण्यासाठी परराज्यातला नंबर देऊ केला, तर दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवलेल्या गाडीची तिथे पुन्हा नोंदणी करावी लागते, हा मोटार वाहन कायद्याचा नियम दाखवून स्पष्ट नकार द्यावा.

करारातल्या ज्या कलमाने मला खरोखर मनस्ताप दिला, ते झीज आणि नुकसानीचे. पहिली गाडी परत करताना त्यांच्या माणसाने टॉर्च घेऊन चारही अॅलॉय चाके तपासली, तीन चाकांच्या कडांवरचे ओरखडे वहीत लिहिले आणि माझ्या अनामत रकमेतून तीन चाकांची जवळजवळ नव्याची किंमत कापली. नागपूरच्या सिमेंट रस्त्यांच्या कडेला माती खचून जी धारदार पायरी तयार होते, तिच्यावरून रोज गाडी उतरवावी लागते. ते ओरखडे रोजच्या वापराचे होते. पण रोजची झीज म्हणजे काय, हे करारात कुठेच लिहिलेले नव्हते. सहा पत्रे पाठवल्यावर थोडी रक्कम परत मिळाली. चपळ गाड्यांचे टायर बुटके असतात, एन लाइनचे तर १९५/५५ आर१६, त्यामुळे त्यांची चाके लवकर घासतात. या वेळीही लीजच घेतली, पण सही करण्याआधी मी ओरखड्याची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहून घेतली आणि टायर कोणी बदलायचे, किती किलोमीटरनंतर, हेही नोंदवून घेतले. लीजच्या गाडीत कोणतेही फेरफार करता येत नाहीत, हे अशा गाड्यांच्या हौशी मंडळींना जड जाईल. मला गेले नाही.

बाबांना मात्र भाड्याच्या गाडीची कल्पना अजून पूर्ण पटलेली नाही. "घर भाड्यानं समजते बाई, पण गाडी? आपली नाही तर तिच्यावर जीव कसा लागन?" असे त्यांनी विचारले, आणि त्या प्रश्नाला मी आकड्यांनी उत्तर दिले नाही. वॉरंटीनंतरच्या वर्षांत टर्बो गाडीचा खर्च मला नको आहे, आणि नागपुरात मॅन्युअल एन लाइन विकायला काढली तर गिऱ्हाईक शोधत बसावे लागेल, ही माझी कारणे खरी आहेत. पण जीव लागायचा तो लागतोच. गाडी आली त्या दिवशी बाबाच टॉर्च घेऊन बाहेर आले, चारही चाकांचे फोटो काढायला लावले आणि थंड टायरमध्ये हवा किती आहे ते स्वतः मोजले.

हवेबद्दलचा त्यांचा आग्रह मी तंतोतंत पाळते, कारण पुण्याला बहिणीकडे जाताना मी समृद्धी महामार्ग धरते. १२० च्या मर्यादेत, सहाव्या गिअरमध्ये, ही गाडी तासन्‌तास शांतपणे धावते. पण काँक्रीटच्या सरळ रस्त्यावर उन्हाळ्यात टायर फार तापतात. हवा सकाळी थंड टायरमध्येच तपासायची, आणि दर दोन तासांनी थांबायचे. समृद्धीवर लिटरला साधारण १७ किलोमीटर मिळतात, शहरात १२ च्या आत.

करारात ३६ महिन्यांना ५४,००० किलोमीटर आहेत, म्हणजे महिन्याला १,५००. चार महिन्यांत ६,००० ची मुभा होती आणि ओडोमीटर ५,७०० दाखवतो. पुढच्या महिन्यात बाबांना घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा आहे. जाऊन-येऊन साडेचारशेच्या वर किलोमीटर होतील. शिल्लक तीनशेच आहेत, म्हणून त्या महिन्यात दर सोमवारी मी बुटीबोरीला कंपनीच्या बसने जाणार आहे.